अंगठा, अक्षर आणि नवे यंत्र

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यातल्या रेशन दुकानासमोर वाटपाच्या दिवशी थोडा वेळ उभे राहिले, तर एक दृश्य हमखास पाहायला मिळते. रांगेतली म्हातारी पुढे सरकते आणि दुकानदाराच्या यंत्रावर अंगठा टेकवते. यंत्र तो नाकारते. ती लुगड्याच्या पदराला अंगठा पुसते, पुन्हा टेकवते. यंत्र पुन्हा नाकारते. मग शेजारी उभी असलेली तिची सातवी-आठवीतली नात मोबाईल उघडते, त्यावर आलेला आकडा दुकानदाराला वाचून दाखवते आणि धान्य पिशवीत पडते. रांगेतले लोक कौतुकाने म्हणतात, ‘आजकालची पोरं! यांना शिकवावं लागत नाही, आईच्या पोटातूनच शिकून येतात.’

हा उद्गार कौतुकाचा आहे आणि त्यात काही तथ्यही आहे. परंतु कौतुकाचा उद्गार जेव्हा शिक्षणाचे धोरण बनू लागतो, तेव्हा त्याची तपासणी करणे भाग पडते. नव्या पिढीला यंत्र उपजतच कळते, जुनीला ते कधीच कळणार नाही, या समजुतीच्या आधारावर आज शाळांसाठी खरेदी केली जाते, शिक्षकांना कालबाह्य ठरवले जाते आणि सरकारी कारभाराची रचना केली जाते. ही समजूत कितपत खरी आहे, ती कोणाच्या सोयीची आहे आणि तिच्यामुळे शिक्षणाच्या मूळ प्रश्नावरील लक्ष कोठे वळते, याचा विचार कार्यकर्त्यांनी केला पाहिजे.

कल्पनेचा उगम

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘कल्चर अँड कमिटमेंट’ या ग्रंथात समाजांचे तीन प्रकार मांडले होते. पहिल्या प्रकारात मुले वडीलधाऱ्यांकडून शिकतात, दुसऱ्यात समवयस्क एकमेकांकडून शिकतात आणि तिसऱ्यात वडीलधाऱ्यांनाच मुलांकडून शिकावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतरचे जग या तिसऱ्या अवस्थेत शिरत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. देश बदलून आलेल्या स्थलांतरितांप्रमाणे जुनी पिढी ही काळात स्थलांतरित झालेली पिढी आहे, अशी उपमा त्यांनी दिली. मीड यांचा हेतू मात्र जुन्या पिढीला निकालात काढण्याचा नव्हता. दोन्ही पिढ्यांत संवाद नसेल तर भविष्य आंधळे होईल, ही त्यांची चिंता होती.

पुढे 2001 मध्ये मार्क प्रेन्स्की या अमेरिकन लेखकाने हीच उपमा वेगळ्या अर्थाने वापरली. संगणकाच्या जगात जन्मलेली मुले ही त्या जगाची ‘मूळ रहिवासी’ आणि त्यांचे शिक्षक हे ‘स्थलांतरित’, अशी विभागणी त्याने केली. मुलांची विचार करण्याची पद्धतच बदलली आहे, शिक्षक मात्र जुनीच भाषा बोलत आहेत, तेव्हा शिक्षणाने मुलांच्या मागे गेले पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. हे लेखन संशोधनाच्या पुराव्यावर उभे नव्हते, तरी ते जगभर पसरले. याचे कारण उघड आहे. शाळेला यंत्रे विकणाऱ्याला यापेक्षा सोयीचा सिद्धांत कोणता मिळणार? मुलाला यंत्र उपजत कळते म्हटले, की शिकवणाऱ्या माणसावर खर्च करण्याची गरज उरत नाही. केवळ यंत्र पुरवले की काम भागते.

या मांडणीची झडती घेतली गेली, ती पुढील काही वर्षांत. 2008 मध्ये बेनेट, मॅटन आणि कर्विन या ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी उपलब्ध पुराव्याचा आढावा घेऊन दाखवून दिले, की एका वयाच्या सर्व मुलांची अशी एकजिनसी ‘पिढी’ अस्तित्वात नाही. एकाच वयाच्या मुलांमधील फरकही मोठे आहेत. पुढे 2018 मध्ये अनेक देशांतील आठवीच्या विद्यार्थ्यांची संगणकविषयक आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. तीत सर्वोच्च पातळी गाठणारे विद्यार्थी होते केवळ 2 टक्के. केवळ यंत्रांच्या सहवासात वाढल्याने कौशल्य येत नाही, ते शिकवावे लागते, हा त्या चाचणीचा निष्कर्ष होता. स्वतः प्रेन्स्कीनेही 2009 मध्ये आपली विभागणी पुढे तितकीशी उपयोगाची राहणार नाही, असे मान्य केले. परंतु सिद्धांत मागे घेतला गेला, तरी त्याच्या नावावर झालेली खरेदी मागे घेतली जात नाही.

वापरणे आणि कळणे

भारतातील परिस्थिती काय सांगते? ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ अहवालाने 2023 मध्ये ग्रामीण भागातील 14 ते 18 वयोगटाची पाहणी केली. तीत सुमारे 90 टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरता येत होता. येथेच थांबले तर ‘पोटातून शिकून आलेली पिढी’ हे विधान सिद्ध झाले, असे वाटेल. पण त्याच पाहणीत याच वयोगटातील सुमारे 25 टक्के मुलांना स्वतःच्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा अस्खलित वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित केवळ 43 टक्क्यांच्या आसपास मुलांना जमले.

याच अहवालातील मोजपट्टीचा दाखला विशेष बोलका आहे. एखादी वस्तू मोजपट्टीच्या शून्यावर ठेवली, तर तिची लांबी 85 टक्क्यांहून अधिक मुलांनी बरोबर सांगितली. तीच वस्तू शून्यापासून थोडी पुढे सरकवून ठेवली, तेव्हा बरोबर उत्तर देणारे 39 टक्क्यांवर आले. म्हणजे बहुसंख्य मुलांना मोजपट्टी ‘वापरता’ येत होती, पण मोजणे म्हणजे काय ते कळलेले नव्हते. मोबाईलची गोष्ट याहून निराळी नाही. कोठे दाबावे हे ठाऊक असणे एक, आणि दाबल्यावर काय घडते, कोणाच्या इच्छेने घडते, त्याचा परिणाम कोणावर होतो हे समजणे दुसरे. पहिली गोष्ट सवयीने येते. दुसरीला शिक्षण लागते.

या पाहणीतील आणखी एक नोंद ध्यानात घेण्यासारखी आहे. मोबाईलवर माहिती शोधणे, गजर लावणे, रस्ता शोधणे अशी कामे मुलांना देण्यात आली. ज्यांना चांगले वाचता येत होते, त्यांना ही कामेही अधिक चांगली जमली. म्हणजे नवे कौशल्य जुन्या कौशल्याची जागा घेत नाही. ते जुन्या कौशल्याच्या पायावर उभे राहते. वाचन हा नव्या यंत्राचाही पाया आहे. पाया कच्चा ठेवून वरचा मजला चढवण्याचा उद्योग ज्यांना प्रगती वाटते, त्यांनी या आकड्यांकडे पुन्हा पाहावे.

पुढारलेल्या देशांतील अनुभवही असाच आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2016 मध्ये विद्यार्थ्यांना बातमी आणि पैसे देऊन छापलेली जाहिरात यांतील फरक ओळखायला सांगितला. जाहिरातीवर ती प्रायोजित असल्याचे स्पष्ट लिहिलेले असूनही माध्यमिक शाळेच्या खालच्या वर्गांतील 80 टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांनी तिला बातमी मानले. संगणकाने वेढलेल्या घरांत वाढलेल्या मुलांची ही कथा आहे.

पिढी की परिस्थिती?

‘नवी पिढी’ या शब्दाचा मोठा दोष असा, की तो वर्ग, जात आणि लिंग या तिन्ही भेदांवर एकाच वेळी पांघरूण घालतो. पुण्यातील कोथरूडचा मुलगा आणि धडगावच्या पाड्यावरची मुलगी या दोघांचे वय एक असले म्हणून त्यांची पिढी एक होत नाही. एकाच घरातील भाऊ-बहिणींचीसुद्धा होत नाही. वर उल्लेखिलेल्या 2023 च्या पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 43.7 टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण होते 19.8 टक्के. एकच घर, एकच फोन, वयही जवळपास सारखे. पण फोन भावाच्या खिशात, आणि बहिणीने मागितला तर ‘कशाला हवाय?’ हा प्रश्न. या अंतराला पिढीचे अंतर म्हणता येणार नाही. त्याचे नाव पुरुषसत्ता असे आहे.

मार्च 2020 मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा या समजुतीची सर्वात मोठी आणि सर्वात क्रूर परीक्षा झाली. शाळा पडद्यावर नेली की मुले शिकतील, असे गृहीत धरण्यात आले. ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रासह पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांमध्ये पाहणी केली. ग्रामीण भागातील केवळ 8 टक्के मुले नियमितपणे ऑनलाईन शिकत होती. 37 टक्के मुलांचा अभ्यास पूर्णतः थांबला होता. ज्या ग्रामीण घरांत स्मार्टफोन होता, तेथेही नियमित शिकणारी मुले 15 टक्केच होती, कारण फोन घरातील कमावत्या माणसाबरोबर कामावर जात असे. मुलांची बोटे चपळ होती; पण त्या बोटांखाली यंत्र नव्हते, यंत्रात पैसे नव्हते, आणि शंका विचारावी असा शिक्षक समोर नव्हता.

याच काळात खाजगी शिकवणी-कंपन्यांची जाहिरात घराघरांत पोचली. त्यांतील सर्वात मोठी समजली गेलेली ‘बायजूज’ ही कंपनी 2024 मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. तोट्यात गेलेली कंपनी दुकान बंद करू शकते. जिल्हा परिषदेच्या शाळेला तसे करता येत नाही, आणि म्हणूनच गरिबाचा खरा आधार शाळा हाच आहे.

जुन्या पिढीची बाजू

आता रांगेतल्या त्या म्हातारीकडे वळावे. तिला यंत्र का जमत नाही? तिचे वय झाले म्हणून, असे उत्तर दिले जाते. परंतु तिचा अंगठा यंत्राने नाकारला, याचे कारण तिच्या मेंदूत नसून तिच्या आयुष्यात आहे. जन्मभर माती, शेण, चुना, सिमेंट आणि भांडी घासण्याची राख यांत राबलेल्या हाताच्या रेषा झिजून जातात. जितके कष्ट अधिक, तितका ठसा पुसट. ज्या यंत्राला कष्टकऱ्याचाच हात ओळखता येत नाही, त्या यंत्राच्या रचनेत दोष आहे. तो दोष म्हातारीच्या माथी मारणे हा अन्याय आहे.

येथे इतिहासाचा एक विलक्षण उपरोध आहे. महाराष्ट्रात साक्षरतेसाठी ज्या चळवळी झाल्या, त्यांचा मुख्य संकल्पच हा होता, की अंगठा जाऊन सही आली पाहिजे. 1959 मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम असो, 2 ऑक्टोबर 1978 रोजी सुरू झालेला राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम असो, की 1988 नंतरचे संपूर्ण साक्षरता अभियान असो, कंदिलाच्या उजेडात पाटी गिरवणाऱ्या बायाबापड्यांचे स्वप्न होते ते सावकाराच्या आणि तलाठ्याच्या पुढे स्वतःचे नाव स्वतःच्या हाताने लिहिण्याचे. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे या गावी जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने 8 मार्च 2016 रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून, खांद्याला दप्तर लावून साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या वर्गात बसल्या. अंगठा उठवणाऱ्या हाताने सही केली. आणि नेमक्या याच काळात सरकारी यंत्रणेने सही बाजूला सारून पुन्हा अंगठाच मागायला सुरुवात केली! पूर्वीचा अंगठा निदान सावकाराच्या वहीत उमटत तरी होता. आता तो उमटतही नाही.

फांगण्याच्या उदाहरणाचा आणखी एक अर्थ आहे. सत्तरीतही शिकता येते; अट एवढीच, की शिकवणारा माणूस समोर असला पाहिजे, वेळ सोयीची असली पाहिजे आणि चुकल्यावर कोणी हसता कामा नये. केरळने हेच मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. घरोघर पाहणी करून ज्यांना यंत्र वापरता येत नाही, अशा सुमारे 22 लाख लोकांना तेथे शिकवण्यात आले. त्यांत अतिवृद्ध माणसेही होती. ऑगस्ट 2025 मध्ये त्या राज्याने आपण पूर्णतः डिजिटल साक्षर झाल्याची घोषणा केली. घोषणांबद्दल सावधपणा बाळगावा हे खरे. तथापि ‘म्हाताऱ्यांना काय कळणार’ हा युक्तिवाद त्यानंतर टिकत नाही.

अर्थात जुन्या पिढीची भलामण करताना तिच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. अमेरिकेतील 2016 च्या निवडणुकीच्या काळाविषयी 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वात तरुण गटाच्या तुलनेत पासष्टीपुढील लोकांनी खोट्या बातम्यांच्या ठिकाणांवरील मजकूर जवळजवळ सातपट अधिक पसरवला, असे त्यात आढळले. छापील शब्दावर विश्वास ठेवण्याची जुनी सवय नव्या माध्यमात घातक ठरते. म्हणजे तरुणाला हात आहे पण पारख नाही, आणि वृद्धाला पारख आहे पण ती या माध्यमाला लावता येत नाही, अशी दोन्हीकडची अर्धवट अवस्था आहे. त्याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, हे महाराष्ट्राने 1 जुलै 2018 रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी असल्याच्या संशयावरून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. ते भिक्षेसाठी फिरणारे गरीब लोक होते. टोळीची अफवा मोबाईलवरून पसरलेली होती. तेथे ‘हे कोणी पाठवले, कशावरून खरे?’ एवढा एकच प्रश्न वेळीच विचारला गेला असता, तर पाच जीव वाचले असते. तो प्रश्न विचारायला शिकवणे हेच शिक्षण.

घरातला लहान कारकून

नातीच्या हातातील मोबाईलकडेही जरा बारकाईने पाहावे. आज खेड्यातील हजारो घरांत बारा-चौदा वर्षांचे मूल हे घरचे कारकून झाले आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज ते भरते, विजेचे बिल ते भरते. 2021 पासून शेतावर जाऊन पिकाचे छायाचित्र काढून नोंद करण्याची ‘ई-पीक पाहणी’ आली, तीही बापासाठी तेच करते. 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थींना ओळख-पडताळणी सक्तीची झाली, तेव्हा आईच्या फोनवर ती पुरी करण्याचे काम अनेक घरांत मुलांकडेच आले.

यात एक चांगली बाजू आहे. मुलाला, विशेषतः मुलीला, घरात मान मिळतो. चार चौघांत आजी अभिमानाने सांगते, की माझी नात सगळे करते. परंतु दुसरी बाजूही आहे. राज्यसंस्थेने आपल्या कचेरीतील काम हळूच उचलून मुलाच्या दप्तरात टाकले आहे. अर्ज चुकला, तर बोलणी मुलाने खायची. घरचे अनुदान अडकले, तर अपराधीपण त्याने वाहायचे. आणि ते मूल करते काय? इंग्रजीत किंवा सरकारी मराठीत लिहिलेल्या, आजीलाच काय पण मास्तरांनाही न उलगडणाऱ्या अटी खाली सरकवत जाते आणि ‘मान्य आहे’ या चौकोनावर बोट ठेवते. आजी न वाचता अंगठा उठवत होती. नात न वाचता बोट टेकवते. दोन पिढ्यांत यंत्र बदलले, निरक्षरतेचे स्वरूप बदलले, परंतु न समजता संमती देण्याची सक्ती तशीच राहिली. शिक्षणाचा खरा प्रश्न येथे आहे.

शिक्षकावाचून शिक्षण?

मूल स्वतःच शिकेल, केवळ यंत्र द्या, या विचाराचा भारतातील सर्वात गाजलेला प्रयोग म्हणजे 1999 मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी झोपडवस्तीलगतच्या भिंतीत बसवलेला संगणक. मुले आपापसांत तो चालवायला शिकली, हे खरे, आणि त्यामागील मुलांवरचा विश्वासही आदरणीय आहे. पण तेवढ्यावरून शिक्षकावाचून शिक्षण होऊ शकते, असा निष्कर्ष जगभर काढला गेला. भेट देणाऱ्या अभ्यासकांना तेथे वेगळे चित्र दिसले. मुलांचा बराच वेळ खेळात आणि चित्रे काढण्यात जात होता आणि यंत्रावर हिंदीत काही नव्हते. पायल अरोरा यांनी 2010 मध्ये लिहिलेल्या निबंधात उत्तराखंडातील अशाच दोन केंद्रांची कथा दिली आहे. ती केंद्रे बंद पडली होती. भिंतीत खिडकी पाडणे सोपे असते. ती रोज सकाळी उघडणारा माणूस नेमणे खर्चाचे असते.

याउलट उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकावर छापलेल्या क्यूआर संकेतचिन्हांमुळे त्यांचे नाव झाले. पण पुरस्काराच्या वेळी जी माहिती देण्यात आली, तिचा गाभा निराळाच होता. मुलांच्या घरची भाषा कन्नड होती. ती त्या शिक्षकाने शिकून घेतली आणि धडे मुलांच्या भाषेत नेले. यंत्र त्यानंतर आले. मूल, त्याची भाषा, त्याचा शिक्षक आणि मग यंत्र, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. 1984-85 मध्ये ‘क्लास’ प्रकल्पाखाली भारतातील निवडक शाळांत ब्रिटिश बनावटीचे संगणक बसवण्यात आले होते, तेव्हा हा क्रम उलटा झाला. यंत्रे आधी आली, आणि शिक्षकाच्या तयारीसाठी थोडेच दिवस ठेवण्यात आले. त्यानंतर चार दशके उलटली. टॅब आणि ‘स्मार्ट’ फळे यांच्या खरेदीत तीच चूक ठिकठिकाणी गिरवली जात आहे.

महाराष्ट्रात एकीकडे वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा ‘समूह शाळां’त विलीन करण्याचे प्रस्ताव 2023 मध्ये मागवण्यात आले, आणि दुसरीकडे असलेले शिक्षक माहिती भरण्याच्या व छायाचित्रे पाठवण्याच्या ऑनलाईन कामात गुंतवले जातात. मुलाला यंत्र उपजत कळते, ही समजूत अशा वेळी किती सोयीची ठरते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. स्वीडनसारख्या संपन्न देशाने 2023 मध्ये शाळांना पुन्हा छापील पुस्तके पुरवण्यासाठी निधी दिला. त्याच वर्षी युनेस्कोच्या जागतिक शिक्षण अहवालाने शिक्षणातील तंत्रज्ञान हे नेमके कोणाच्या अटींवर चालणारे साधन आहे, असा प्रश्न विचारला. हा प्रश्न समाजवादी विचाराच्या कार्यकर्त्यांना अपरिचित नाही. यंत्राला विरोध हा येथे मुद्दाच नाही. यंत्र कोणाच्या मालकीचे, कोणाच्या भाषेत आणि कोणाच्या हितासाठी, हा मुद्दा आहे.

करावयाचे काम

या विवेचनातून काही ठोस मागण्या निघतात. पहिली, प्रत्येक वस्तीतील शाळा टिकली पाहिजे आणि तीतील शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरल्या पाहिजेत. यंत्राच्या खरेदीला त्यानंतरचा क्रम असावा. दुसरी, शाळेत शिकवायचे ते केवळ यंत्र चालवणे नसावे; बातमी पारखणे, जाहिरात ओळखणे, अट वाचून मगच संमती देणे, हे मराठीतून आणि घरच्या बोलीतून शिकवले जावे. तिसरी, शाळेतील यंत्रणा कोण्या कंपनीच्या दावणीला बांधलेली नसावी. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त संगणक-प्रणाली वापरून हे शक्य असल्याचे दाखवले आहे. तेथील ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थी-गटांनी 2022 मध्ये मातांसाठी सुरक्षित वापराचे वर्गही घेतले. चौथी, रेशन, निवृत्तिवेतन आणि अनुदान यांसाठी माणसाने माणसाला भेटून काम करण्याची सोय हा नागरिकाचा हक्क मानला जावा. यंत्राने अंगठा नाकारला म्हणून कोणाची चूल विझता कामा नये.

मागण्यांबरोबर काही काम कार्यकर्त्यांना आपल्या गावात स्वतःच करता येईल. आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेची खोली किंवा वाचनालय उघडावे. तेथे नातीने आजीला फोन शिकवावा, आणि आजीने नातीला प्रश्न शिकवावा. बाजारात माल पारखून घेणारी, सावकाराच्या गोड बोलण्याला आयुष्यभर तोंड दिलेली ही माणसे अडाणी नाहीत. ‘फुकट देतोय, तर त्याला यातून काय मिळतं?’ हा त्यांचा जुना प्रश्न नव्या यंत्राला लावला, तर निम्मी फसवणूक तेथेच थांबेल. या वर्गात शिकवणारा आणि शिकणारा यांच्या जागा आळीपाळीने बदलतील. मीड यांना अभिप्रेत असलेला पिढ्यांचा संवाद तो हाच.

शेवटी एका मुलीची आठवण ठेवणे उचित होईल. फुले दांपत्याने काढलेल्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिच्या समाजासाठी लेखणी आणि छापखाना ही त्या काळातील नवी यंत्रेच होती. वडीलधाऱ्यांना ती माहीत नव्हती, कारण ती त्यांच्यापासून हिरावून ठेवलेली होती. मुक्ताला ती उपजत कळली नाहीत. तिला शाळा मिळाली, शिक्षक मिळाले, म्हणून कळली. आणि ती हाती आल्यावर तिने ती स्वतःच्या मिरवणुकीसाठी वापरली नाहीत, आपल्या माणसांच्या दुःखाला वाचा फोडण्यासाठी वापरली.

रेशनच्या रांगेत आजीशेजारी उभ्या असलेल्या नातीच्या हातातही एक नवे यंत्र आहे. त्यावर आलेला आकडा तिने दुकानदाराला वाचून दाखवला, याचे कौतुक जरूर व्हावे. परंतु ज्या दिवशी ती आकडा वाचून थांबणार नाही, ‘माझ्या आजीचा अंगठा या यंत्राला का ओळखता येत नाही?’ असा लेखी अर्ज तहसीलदाराकडे करील, आणि त्या अर्जाखाली आजी स्वतःच्या हाताने सही करील, त्या दिवशी दोन्ही पिढ्या साक्षर झाल्या असे म्हणता येईल. तो दिवस जवळ आणणे हे शाळेचे काम आहे, आणि शाळा जिवंत ठेवणे हे कार्यकर्त्यांचे.